शिबिरवाली दवाई

मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली. गोंदियाजवळ फुलचूरला घर बांधलं आहे, आता निवांत बसा असं मुलं सांगतात. पण निवांत बसायला डोकं थंड लागतं. परवा शेजारच्याचा कुत्रा लंगडत होता. त्याने मेडिकलमधून जंतूंवरची एक गोळी आणली, तिचे दोन तुकडे केले, एक कुत्र्याच्या तोंडात कोंबला आणि दुसरा कागदात गुंडाळून खिशात टाकला. विचारलं तर म्हणाला, “रख लेता हूँ काका, कभी काम आयेगी.” माझा अख्खा दिवस खराब झाला. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादक मागे लागलेच होते. त्यांना म्हटलं, लिहितो, पण रागावून लिहीन. ते म्हणाले, चालेल.

मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगतो. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. डॉक्टरांची खुर्ची वर्षातले सहा महिने रिकामी असायची, त्यामुळे अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरीकडच्या गावांनी मलाच डाक्टर करून टाकलं आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. नव्व्याण्णव साली मी तिकडे रुजू झालो. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, जनावर अडकवायचा एक लोखंडी खोडा आणि एक कुलूपबंद कपाट. कपाटाला कुलूप कशासाठी होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण आत चोरण्यासारखं काही नसायचंच.

त्या कपाटात जे थोडंफार असायचं त्यात सगळ्यांत मोलाचं म्हणजे अँटिबायोटिक. ज्यांनी गाय फक्त कॅलेंडरवर पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. हे जंतू मारणारं औषध. ते जनावराच्या वजनाप्रमाणे द्यायचं आणि ठरलेले दिवस पूर्ण द्यायचं. धानाच्या बांधीतलं निंदण, म्हणजे तण, अर्धं काढून घरी गेलात, तर जे उपटायला सोपं होतं तेवढं गेलेलं असतं, चिवट तेवढं मागे राहतं आणि पुढच्या वर्षी बी त्या चिवटाचंच पडतं. जंतूंचंही तसंच आहे. हे धानकऱ्याला समजत नाही असं मला कुणी सांगू नये. पण औषधाच्या बाबतीत हे त्याला कधी कुणी सांगितलंच नाही. बाटलीवरचा मजकूर इंग्रजीत, तोही मुंगीच्या पायाएवढा.

मग माणसं आपल्या डोळ्यांना दिसतं त्यावरून नियम बांधतात. आमच्या भागात औषध म्हणजे सुई. पाजायचं ते औषध नव्हे, ते काढा. सुई रंगावरून ओळखायची, पिवळी आणि पांढरी. दोन्ही ‘गरम’, म्हणून दुभत्या गाईला जपून. आणि जनावराने तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, पेंडीला तोंड लावलं की सुई बंद, कारण खातं म्हणजे बरं झालं. एका म्हाताऱ्याला तर नेहमी जाडच सुई हवी असायची. मी बारीक काढली की तो माझा हात धरायचा. “हे कोंबडीले मारा जी, हा हेला हाय.” हेला म्हणजे रेडा. आमच्याकडे चिखलणी हेल्यांवर होते. तासभर चिखलात बैल थकतो, हेला थकत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मी नवीन होतो त्या काळात एका हिवाळ्यात लाळखुरकत आली. तोंडात फोड, खुरांत जखमा, जनावरं लंगडी. हा विषाणूचा आजार, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. फक्त जखमा चिघळू नयेत म्हणून द्यायचं. केशोरीजवळच्या एका गावात, नाव लिहीत नाही, ग्रामपंचायतीसमोर शिबिर लावलं. माझ्याकडे पिवळ्या औषधाच्या मोजक्या बाटल्या होत्या आणि समोर हेल्यांच्या जोड्यांची रांग चावडीच्या मागेपर्यंत गेलेली. पहिला नंबर सुकरू पटल्यांचा. वयाने माझ्यापेक्षा मोठे, म्हणून मी त्यांना सुकरूभाऊ म्हणायचो. त्यांचा एक हेला जखमी होता, दुसरा ठणठणीत. जखमीला मी सुई दिली. सुकरूभाऊ जागचे हलेनात.

“आन याले?”

“याला काही झालेलं नाही, भाऊ.”

“जोडी हाय ना जी. एकाले देली आन एकाले नाही देली, त जोडी फुटते.”

मागच्या रांगेतून चार-सहा आवाज आले, हाव जी, जोडीले सारखंच पाहिजे. हे मी नंतर नीट समजून घेतलं. जोडीत एकाला पेंडी टाकली की दुसऱ्याला टाकायची, पोळ्याला एकाच्या शिंगांना रंग लावला की दुसऱ्याच्या शिंगांना तोच. जोडीत दुजाभाव झाला की ती जुवाखाली एका चालीने चालत नाही, असं सगळे मानतात. माणसांमाणसांत एवढी समता असती तर काय हवं होतं! पण त्या दिवशी मी फक्त रांग पाहिली आणि आता भांडण होणार हे ओळखलं. बाटल्या कमी होत्याच. मग मी प्रत्येक जोडीतल्या दोघांना अर्धी अर्धी सुई मारत सुटलो. कुणी रिकाम्या हाताने परत गेलं नाही, सगळे खूश, सरपंचांनी चहा पाजला.

पंधरा दिवसांत सगळी जनावरं बरी झाली. होणारच होती. बहुतेक मोठी जनावरं लाळखुरकतीतून आपोआप उठतात. औषध न देताही उठली असती. पण हे मी गावाला सांगितलं नाही. गावाने डोळ्यांनी पाहिलं की अर्ध्यात काम झालं.

त्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यात, ऐन रोवणीत, म्हणजे भातलावणीत, सुकरूभाऊ सायकल हाणत दवाखान्यात आले. हेल्याला ताप, तोंडातून लाळ, गळ्याखाली सूज चढू लागलेली. घटसर्प. याची लस पावसाळ्याआधी टोचायची असते, आणि आमच्याकडे त्या वर्षी ती पाऊस पडून चिखल झाल्यावर पोचली होती. त्यावर मी तेव्हाही बोंबललो होतो, कुणी ऐकलं नाही. पण सुकरूभाऊ वेळेवर आले होते. घटसर्पात वेळेवर आणि पुरेसं औषध मिळालं तर जनावर वाचू शकतं. मी जाऊन पहिल्या दिवसाचा पूर्ण डोस स्वतः दिला. पुढच्या दोन दिवसांची बाटली सुकरूभाऊंच्या हातात ठेवली, कारण नाला भरत आला होता आणि मी परत येऊ शकेन याचा भरवसा नव्हता. सुई मारता त्यांना येत होती, त्या भागात निम्म्या गावाला येते. “उद्या अर्धी बाटली, परवा अर्धी,” मी बजावलं. त्यांची बायको गिरजाबाई शेजारी उभी होती. तिने माझ्यासमोर ते दोनदा म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला की हेला खाऊन राहिला, म्हणजे खायला लागला. मी निश्चिंत झालो. चौथ्या दिवशी नाला उतरला, गेलो, तर हेला कोठ्यात आडवा पडलेला. मान ताणलेली, श्वास घरघरतोय. मी पोचल्यावर तासाभरात तो गेला. बाहेर बांधीत चिखल अर्धा झालेला आणि परे, म्हणजे भाताची रोपं, उपटून ठेवलेले.

“दवाई दिली का, भाऊ?”

“देली जी.”

“दोन्ही दिवस?”

“दोन्ही दिवस. हे पाहा, बाटली खाली.”

बाटली खरंच रिकामी होती. मी औषधावरच संतापलो. हा माल बनावट आहे, वरच्यांना लिहितो, कंपनीला कोर्टात खेचतो, असं अंगणात उभं राहून मोठमोठ्याने बोललो. आजूबाजूचे लोक जमले होते, त्यांच्यासमोर बोलायला मला जरा जोरही चढला होता. मग निघताना सहज दुसऱ्या हेल्याच्या मानेवरून हात फिरवला, आणि हाताला लिंबाएवढी गाठ लागली. सुईची गाठ. दुसऱ्या बाजूला आणखी एक.

“याला सुई कुणी मारली?”

“म्याच मारली,” सुकरूभाऊ म्हणाले. “जोडी हाय ना जी.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजारी हेल्याला जेवढं औषध मिळायला हवं होतं त्याच्या निम्मं मिळालं होतं, आणि निम्मं धडधाकट हेल्याच्या मानेत गेलं होतं. मी काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. मेलेल्या हेल्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला मी अडाणी म्हणालो, एवढं सांगतो.  बोलली ती गिरजाबाई.

“आमाले कायले बोलता जी? शिबिरात तुमीच त अर्धी अर्धी मारली होती. तवा कोनाचा हेला मेला?”

अंगणात पंधरा-वीस माणसं होती. सगळी माझ्याकडे पाहू लागली. खरं उत्तर माझ्या तोंडाशी होतं, की शिबिरात मी चुकीचं केलं होतं, भांडण नको म्हणून केलं होतं, आणि तुमची जनावरं माझ्या औषधाने बरी झालीच नव्हती. एवढं बोललो असतो तर मी काही मेलो नसतो. मी म्हणालो, “ती दवाई वेगळी होती. ती अर्ध्यात चालते. ही नाही चालत.”

आणि पेटी उचलून निघून आलो.

जोडीतला एक गेला की दुसऱ्याचा काही उपयोग नसतो. सुकरूभाऊंची अर्धी रोवणी त्या वर्षी राहिली, पुढे त्यांनी शेत वाट्याने, बटईने दिलं आणि गिरजाबाईने गाई ठेवून दुधाचा धंदा सुरू केला. मला हे सगळं दिसत होतं. मी गावोगाव औषध पूर्ण द्या म्हणून सांगत फिरायला लागलो होतो, घसा कोरडा करत होतो, आणि आपण प्रायश्चित्त घेतोय अशी माझी समजूत होती.

मग एकदा अर्जुनी मोरगावला जनावरांच्या औषधांच्या दुकानात उभा होतो. एक माणूस आला आणि म्हणाला, “शिबिरवाली देजो.” दुकानदाराने मान वर न करता पिवळी बाटली काढून दिली. तीच पिवळी, जी मी शिबिरात दिली होती आणि सुकरूभाऊंच्या हातातही ठेवली होती. माणूस गेल्यावर मी दुकानदाराला धारेवर धरलं. चिठ्ठी नाही, जनावर पाहिलं नाही, किती द्यायची ते सांगितलं नाही, हे औषध आहे की मुरमुरे? तो शांतपणे म्हणाला, “साहब, नाम तो आपका ही दिया हुआ है. सब कहते हैं, डाक्टर ने बताया, शिबिरवाली आधे में काम करती है.”

मी दुकानाबाहेर येऊन मोटारसायकलवर बसलो. माझ्या एका वाक्याचं गावोगाव औषध झालं होतं. शेळी खोकली, शिबिरवाली. वासराला हगवण, शिबिरवाली अर्धी. कोंबड्या माना टाकायला लागल्या की पाण्यात शिबिरवालीचे चार थेंब. उरलेली बाटली आढ्याला टांगून पुढच्या आजारासाठी.

त्याच सुमारास गोंदियाला एका हॉटेलात आमचं प्रशिक्षण झालं. गार हवा, पडद्यावर चित्रं, जेवणात पनीर. बाहेरून आलेले एक साहेब सांगत होते की शेतकरी अशिक्षित असल्यामुळे औषधांचा गैरवापर होतो. मी उठून विचारलं, लस पाऊस पडल्यावर पाठवणारा शिकलेला असतो की अशिक्षित? पाच दिवसांच्या औषधाऐवजी दीड दिवसाचं पाठवणारा? चिठ्ठीशिवाय विकणारा? साहेब म्हणाले, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी चहा आला. तेव्हा मला आपण फार शूर आहोत असं वाटलं होतं. पण यादीत मी माझं नाव घेतलं नव्हतं, हे मला बसमध्ये परतताना जाणवलं.

अशिक्षित म्हणे! गिरजाबाईने मला जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात नव्हतं. एकदा तिच्या घरी ताक मागितलं, तर नाही म्हणाली. “गाईले सुई लागली हाय जी. सुई लागली का तीन दिवस दही नाही लागत.” बरोबर होतं. औषध दुधात उतरतं आणि विरजणातल्या जंतूंनाच मारतं. प्रयोगशाळेत जे यंत्र लावून पाहतात ते ही बाई गाडग्यात पाहत होती. मी विचारलं, मग या दुधाचं करता काय?

“डेअरीत देतो. सारं गाव देते.”

“घरी का नाही पीत?”

“दही नाही लागत त्याचं.”

“आणि शहरातल्यांनी प्यायचं?”

“त्यायले दही थोडी लावाचं हाय,” ती सहज म्हणाली. “ते चाय पितेत.”

मला हसू आलं आणि रागही आला. मी तिला समजावून सांगितलं की ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जातं, आणि त्या लेकराच्या पोटातल्या जंतूंनाही अर्धीच सुई मिळते. तिने ऐकून घेतलं. हेला गेल्यापासून ती औषधाच्या बाबतीत ऐकायची. त्या दिवसापासून तिने सुईचं दूध डेअरीत दिलं नाही.

माझी बदली झाली, मग पुन्हा फिरून मी केशोरीकडेच आलो. साल दोन हजार बाराच्या आसपासचं. सुकरूभाऊ वारले होते. गिरजाबाईकडे एकच संकरित गाय उरली होती, गावातल्याच एकाकडून घेतलेली, आणि त्या गाईवर तिचं घर चालत होतं. त्या गाईला दगडी झाली. दगडी म्हणजे काससुजी, कास दगडासारखी कडक होते आणि दुधाच्या गुठळ्या येतात. मी पाच दिवसांचं औषध लिहून दिलं. तिने पाचही दिवस, ठरल्या वेळी, गाईला पूर्ण मात्रा टोचून घेतली. मी स्वतः रोज पाहायला जात होतो, तिला तपासायला नव्हे, तर असं सगळं नीट करणारं माणूस पाहून बरं वाटायचं म्हणून.

फरक पडला नाही. दुसरं औषध दिलं, पुन्हा पाच दिवस. कासेच्या चार सडांपैकी एक सड आटलं. मग मी हट्टाने दुधाचा नमुना नागपूरला पाठवला. ते लोक गाईच्या दुधातले जंतू वाढवतात आणि कोणतं औषध त्यांना मारतं ते पाहतात. अहवाल यायच्या आत दुसरं सड गेलं. अहवालात एकाखाली एक औषधांची नावं होती, आणि प्रत्येकापुढे लिहिलेलं की या औषधाने जंतू मरत नाहीत. सगळ्यात वर पिवळं.

कागद घेऊन मी तिच्या कोठ्यात गेलो. ती गाईखाली बसून कास पिळत होती, कारण औषध चालो न चालो, कास दर दोन तासांनी रिकामी करावीच लागते. मी काय लिहिलंय ते सांगितलं.

“म्या पुरी देली जी,” ती म्हणाली. “पाचही दिवस. दुसरी बी पाचही दिवस.”

“माहीत आहे.”

“दूध बी नाही विकलं. उकिरड्यावर ओतलं.”

“माहीत आहे, बाई.”

“मंग माजं का चुकलं?”

मी तिला सांगितलं की तिचं काहीच चुकलेलं नाही. अर्ध्या औषधातून वाचलेले जंतू चिवट झाले, ते धार काढणाऱ्याच्या हातावरून एका गाईच्या कासेतून दुसऱ्या गाईच्या कासेत जातात, आणि ही गाय गावातूनच आलेली आहे. वर्षानुवर्षं गाव अर्धी सुई देत होतं.

“म्हंजे अर्धी देली बाकीच्यायनं, आन भोगून मी राहिली.”

“हो.”

ती थोडा वेळ पिळत राहिली. पिवळट पाणी मातीत पडत होतं. मग म्हणाली, “पर लोक त शिबिरवाली देत होते जी. ते त अर्ध्यात चालते. तुमीच म्हनलं होतं.”

मला निघून येता आलं असतं. मागे एकदा आलोच होतो.

“शिबिरवाली वेगळी नव्हती,” मी म्हणालो. “हीच होती. कोणतीच अर्ध्यात चालत नाही.”

तिचा हात थांबला. तिने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं.

“मंग माजा हेला मेला तवा तुमी तसे काऊन बोलले?”

“लोक जमले होते. त्यांच्यासमोर माझी चूक निघाली असती.”

तिने रडून किंवा ओरडून घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने नुसती मान वळवली आणि पुन्हा पिळायला लागली. मी दुसऱ्या बाजूने उकिडवा बसून मदत करायला हात पुढे केला, तर म्हणाली, “राहू द्या. तुमी डाक्टर हाव, तुमचे हात खराब होतीन.”

तिसरं सड त्याच आठवड्यात गेलं. चौथ्याचं दूध वासरालाही पुरत नव्हतं.